करून पाहू या : सोळा टाक्यांचा चौकोन



तुमच्या घरात बिस्किटांचा एखादा जुना डबा असेलच. झाकण उघडावं तर आत बिस्किटं नाहीत, लोकरीचे गुंडे! कुणाच्या स्वेटरमधून उरलेला लाल, कुणाच्या कानटोपीतला पिवळा. एकट्या गुंड्यात काही होत नाही आणि टाकून देववतही नाही. आज त्यातलेच तीन-चार रंग घेऊन पाण्याच्या तांब्याखाली ठेवायचा चौकोन विणू या. तोही वेगळ्या विणीनं, म्हणजे ट्युनिशियन क्रोशानं.

ट्युनिशिया हा आफ्रिकेच्या उत्तरेकडचा देश. नकाशात शोधा बरं! पण नुसत्या नावावर जाऊ नका, कारण याच विणीला अफगाण वीण असंही म्हणतात. नेहमीच्या क्रोशात टाका पुरा झाला की सुईवर एकच वेढा उरतो. इथे मात्र अख्ख्या ओळीचे वेढे सुईवर जमतात. त्यासाठी लांब सुई मिळते, पण आपल्या १६ टाक्यांना साधी क्रोशाची सुईही चालते. साडेपाच-सहा मिलिमीटरची, सरळ दांडीची घ्या. मागच्या टोकाला रबरबँड गुंडाळा, म्हणजे टाके सटकणार नाहीत.

आता १६ साखळ्या घाला. सैल हातानं हं!

जाताना : सुईवर एक वेढा आहेच. तो पहिला. सुईकडून दुसऱ्या साखळीत सुई घाला, लोकर ओढून वेढा काढा आणि सुईवरच ठेवा. असं प्रत्येक साखळीत करा. मोजा. १६ झाले?

येताना : काम उलटायचं नाही. सुईवर लोकर घ्या आणि फक्त एका वेढ्यातून काढा. मग पुन्हा लोकर घ्या आणि दोन वेढ्यांतून काढा. असं दोन-दोन करत या. शेवटी सुईवर एकच वेढा उरेल. जाणं आणि येणं मिळून एक ओळ झाली.

आता समोर उभ्या दांड्या दिसतील. पहिली दांडी सोडा, कारण तिचा वेढा सुईवर आहेच. दुसरीपासून प्रत्येक दांडीखालून सुई घालून वेढे गोळा करा. अगदी कडेच्या टाक्याला दोन धागे असतात, त्या दोन्हींखालून सुई घाला. आणि पुन्हा मोजा.

रंग बदलायचा असेल तर येताना सुईवर शेवटचे दोन वेढे राहिले की नवी लोकर घ्या आणि ती दोन्हींतून काढा. लोकर बारीक असेल तर दुहेरी घ्या.

हे ‘मोजा, मोजा’ मी का म्हणते, ते सांगते. माझ्या डब्यात लिंबाएवढा एक निळा गुंडा होता. आईनं माझा शाळेचा स्वेटर विणला, त्यातला उरलेला. आई आता नाही. तो गुंडा मी कितीतरी वर्षं वापरला नव्हता. यंदा धीर करून चौकोनात निळी पट्टी घातली. दुसऱ्या दिवशी कार्यानुभवाच्या तासाला चौथीच्या मुलांना मोठ्या तोऱ्यात दाखवायला गेले, तर चौकोन वर निमुळता झालेला! कडेचा टाका मी दर ओळीला विसरत होते. १६ चे ११ झाले होते.

मी म्हटलं, “राहू दे असाच.” निळी लोकर उसवायला हात होईना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, उसवा की! लोकर कुठं जातीय?”

खरंच की! क्रोशात टोक ओढलं की टाके सुटतात, लोकर तेवढीच राहते. त्यानं गुंडा धरला, मी उसवत गेले. मुलं मोठ्यांदा उलटे आकडे म्हणत होती. पुन्हा विणला तेव्हा आईच्या लोकरीच्या बरोब्बर तीन ओळी झाल्या, आणि प्रत्येकीत १६ टाके.

तुमचा चौकोन झाला का, हे कसं ओळखाल? एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर दुमडा. कडा जुळल्या की झालं! मग दांडीखालून सुई घाला, लोकर ओढा आणि ती सुईवरच्या वेढ्यातूनही काढा. अशी कड बंद करा. ही वीण पापडासारखी वळते, घाबरू नका. चौकोन ओला करा, टॉवेलवर ताणून टाचण्या लावा आणि सावलीत वाळवा. लोंबणारी टोकं बोथट सुईनं मागे ओवून टाका.

आई-बाबांनो, दोन गोष्टी सांभाळा. बाजारातली पुष्कळशी लोकर अ‍ॅक्रिलिकची असते आणि ती उष्णतेनं वितळते. म्हणून या चौकोनावर गरम पातेलं ठेवू नका, इस्त्रीही फिरवू नका. आणि मुलांचं चुकलं तर तुम्ही विणून देऊ नका. गुंडा धरा, त्यांना उसवू द्या.

पुढच्या वेळी बटणं लागणार आहेत. जुन्या शर्टांची आत्तापासूनच जमवून ठेवा!

तुमच्या बाई