गाठ काढायची घाई नको, आधी तुकडा तपासा!

स्तनात गाठ हाताला लागली की घरात एकच धावपळ सुरू होते: आधी ती काढून टाका! भीती आम्हाला कळते. तरीही हात जोडून सांगतो, पहिली घाई सुईने तुकडा घेण्याची, म्हणजे बायोप्सीची करा, ऑपरेशनची नको. तो तुकडा कॅन्सरचा निघाला, तर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय उपचार ठरवू देऊ नका.

२०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार जणींना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. नाव एकच असलं तरी या सगळ्यांचा आजार एकसारखा नाही. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल, तर त्या पेशी शरीरातल्याच हार्मोनवर वाढत असतात आणि त्यांना रोखायला टॅमॉक्सिफेनसारखी जुनी, स्वस्त गोळी आहे. ती किमान पाच वर्षं घ्यावी लागते, पण आयुष्य वाढवते. हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत ते १९९८ साली मंजूर झालं, आणि आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. तिन्ही निगेटिव्ह आल्या, तर या दोन्ही औषधांचा उपयोग नाही. तिथे केमोथेरपीवरच मोठी भिस्त असते, आणि बीआरसीए या जनुकांची तपासणीही डॉक्टरांना विचारायला हवी. आपल्याकडे या तिसऱ्या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं.

आधी तपासा म्हणण्याचं खरं कारण पुढे आहे. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेली गाठ मोठी असेल, काखेत पसरली असेल, तर बहुतेक वेळा औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर करतात. औषधाने गाठ किती विरघळली, यावरून पुढचं औषध ठरतं. गाठ आधीच कापून टाकली, की ही संधी गेली. ती परत मिळत नाही.

सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, ही भीती निराधार आहे. तिच्यापायी बायोप्सी टाळू नका. आणि रक्तातला सीए १५-३ नॉर्मल आला म्हणून गाठ साधी आहे, असंही समजू नका. निदानासाठी ती तपासणी नाहीच.

आता नातेवाइकांसाठी. तुकड्याची डबी लॅबमध्ये पोचवायला अनेकदा तुमच्याच हातात देतात. ती घेताना एवढं विचाराच: "हे फॉर्मलिनमध्येच आहे ना?" तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत त्यात पडायला हवा. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये राहिला तर तो खराब होतो, पॉझिटिव्ह असलेली तपासणी निगेटिव्ह दिसू शकते, आणि जिला गोळीने फायदा झाला असता तिला ती मिळतच नाही. एका डबीपायी असं होऊ देऊ नका.

रिपोर्टवर हर-टू '२+' लिहिलेलं असेल, तर उत्तर अजून आलेलं नाही. त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी लागते. ती महाग असते, म्हणून पुष्कळ घरं तिथेच थांबतात. कृपा करून थांबू नका. सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा, मदतीचा मार्ग विचारा. बरा झालेला आजार काही वर्षांनी परत आला, तर नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासायला सांगा. तिन्ही उत्तरं बदललेली असू शकतात.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांनी आजच फाइल उघडा. ईआर, पीआर, हर-टू ही तिन्ही नावं आणि त्यांच्यापुढचं उत्तर शोधा. सापडलं नाही, तर ज्या लॅबमध्ये गाठ तपासली तिथे जा आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागा. लॅबकडे तो सहसा काही वर्षं जपून ठेवलेला असतो, आणि त्याच ब्लॉकवर या तपासण्या आताही होतात. ब्लॉक आणि जुना रिपोर्ट घेऊन कॅन्सरतज्ज्ञांकडे जा, पुढच्या केमोच्या तारखेची वाट पाहू नका.