श्रुत आणि श्रुतिका



रेडिओवरील नाटकाला मराठीत ‘श्रुतिका’ असा सुरेख शब्द आहे. आपल्या आगमांना आपण ‘श्रुत’ म्हणतो. दोन्हींच्या मुळाशी ‘ऐकणे’ आहे; आणि ऐकलेले टिकवायचे तर ते वेळीच उतरवून घ्यावे लागते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. गिरगाव-दादरच्या चाळींत ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी शेजाऱ्यांइतके परिचयाचे होते. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांचे चेहरे थोड्यांनीच पाहिले असतील, पण आवाज सर्वांच्या ओळखीचे. रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही पहिली एकांकिकाही १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरूनच लोकांपर्यंत पोहोचली.

आरंभीच्या काळात श्रुतिका थेट सादर होत आणि हवेत विरून जात. पुढे टेप आली; पण ती महाग, म्हणून जुने पुसून तीवरच नवे मुद्रित करण्याची रीत जगभर होती. बीबीसीच्या ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ या गाजलेल्या मालिकेचे काही हरवलेले भाग श्रोत्यांनी घरी केलेल्या मुद्रणांतूनच परत मिळाले. आपल्याकडेही अनेकांनी रेडिओवरून कॅसेटी भरून घेतल्या होत्या. आज गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत, आणि अशा कॅसेटी माळ्यावरून थेट भंगारात जात आहेत.

आपल्या समाजाला हे संकट नवे नाही. मुखपरंपरेने आलेले ज्ञान क्षीण होत आहे, हे जाणून धरसेन आचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत व भूतबली यांना ते दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूडबिद्रीची ताडपत्रे जीर्ण होऊ लागली, तेव्हा सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी नकला करून घेण्यासाठी पुढाकार घेतला. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळा याच माणिकचंद शेठजींची. त्या नकलांमुळेच ‘धवला’ पुढे १६ खंडांत छापली गेली. आगम आणि करमणुकीची श्रुतिका यांची तुलना होऊ शकत नाही. जतनाचा धर्म मात्र एकच.

घरात जुनी कॅसेट सापडल्यास प्रथम तिच्या मागील कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसल्यास वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगली असल्यास संगणकावर ‘वेव्ह’ स्वरूपात उतरवून दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ कॅसेट टाकू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद: कार्यक्रम, कलावंत, अंदाजे साल. खतावणीत तपशील नसलेली रक्कम जशी निरुपयोगी, तसाच नाव नसलेला आवाज. हा तपशील आज घरातील वडीलधारी मंडळीच सांगू शकतील. प्रत सार्वजनिक करण्यापूर्वी मात्र हक्कधारकांची परवानगी घ्यावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांची संस्था आहे. असे जाणकार मार्ग दाखवतात.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण शास्त्रभांडारातील ग्रंथ बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधतो. येत्या श्रुतपंचमीला त्याच हाताने माळ्यावरचा कॅसेटींचा डबाही खाली उतरवावा.