लसणाचा काढा आणि डॉक्टरांची गोळी

लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचा सिरका आणि मध यांचा काढा रोज सकाळी घ्या, हृदयाच्या बंद नळ्या उघडतील, बायपास टळेल. हा मजकूर मोबाईलवर आला नाही असं घर आता शोधून सापडणार नाही. आमच्या लासूर स्टेशनलाही तो पोहोचला आहे. पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असते. काळजी एवढीच, की काढा सुरू झाला की अनेक घरांत कोलेस्टेरॉलची गोळी बंद होते.

वनस्पतींमध्ये औषधी गुण आहेत, यात शंका नाही. प्रश्न कोणती वनस्पती किती काम करते, हा आहे. त्यासाठी तपासणीच हवी.

गुग्गुळाचं उदाहरण घ्या. युनानीत यालाच मुक़िल म्हणतात. सुश्रुतसंहितेतल्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध मांडला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषध तयार केलं. भारतातल्या चाचण्यांत चांगला गुण दिसला. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, घटण्याऐवजी थोडं वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. लसणाचंही तसंच. २००७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत लोकांनी सहा महिने कच्चा लसूण किंवा त्याच्या गोळ्या खाल्ल्या. एलडीएलमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आमच्या बाजारात येणाऱ्या कांद्यात क्वर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. पण ज्या मात्रेत त्याने रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो, तेवढं मिळवायला रोज किलो-दीड किलो कांदा खावा लागेल!

मग उपयोगी काय? पहिला इसबगोल. त्याचा भुसा आतड्यात फुगून पित्तातले घटक धरतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. रोज नियमाने घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. दुसरा जव, म्हणजे सातू. त्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू असंच काम करतो. तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची पेज, हदीसमध्ये आजारी आणि दुःखी माणसासाठी सांगितली आहे. ती घरात पुन्हा शिजू लागली तर चांगलंच. मध-साखर बेताने घाला. तिसरं जवस. जव वेगळा, जवस वेगळं. जवस कुटूनच खावं, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. मराठवाड्याच्या जवसाच्या चटणीत हे काम आधीच झालेलं असतं.

आता हिशोब पाहा. ही सगळी मदत ५-१० टक्क्यांच्या घरातली. डॉक्टरांची स्टॅटिनची गोळी मात्रेप्रमाणे ३० ते ५० टक्के एलडीएल उतरवते आणि हृदयविकाराचा झटका टाळते, हे हजारो रुग्णांवर तपासलेलं आहे. स्टेंट बसलेल्या माणसाने गोळी सोडली तर लगेच काही दुखत नाही. कोलेस्टेरॉल दुखतच नाही, आणि तीच फसगत आहे. छातीत कळ येते तेव्हा आमच्यासारख्या गावातून संभाजीनगरची घाटी गाठेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो.

म्हणून थोडी पथ्यं. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या आणि गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. गुग्गुळ काही रक्तदाबाच्या औषधांचा असर कमी करू शकतो, तेही सांगा. कलौंजी जरूर खा, पण गोळीच्या जागी नाही. रमजानमध्ये गोळीची वेळ सहरीला की इफ्तारनंतर, हे आधीच विचारून घ्या. ॲटोरव्हास्टॅटिन दिवसातून एकदाच, कोणत्याही वेळी घेता येते. आणि डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, तंबाखू हे सोडल्याशिवाय कोणताच इलाज पुरा पडत नाही.

इलाज करा, ही आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे. बियाही अल्लाहच्या आणि गोळी शोधणारी अक्कलही त्यानेच दिलेली. दोन्हींची कदर करू या. आज घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा: अब्बा, गोळी घेतली का?