हिरा उफणून काढतात!

मुंबईत गिरगावला खोताची वाडी आहे. जुन्या, कौलारू, लाकडी जिन्यांच्या घरांची. तिथून पायी थोडे गेले की ऑपेरा हाऊसपाशी पंचरत्न इमारत लागते. 2010 साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत हिरे बाजार सुरू झाला, तोवर हिऱ्यांचा मोठा व्यापार इथेच चाले. कागदाच्या पुडीत लाखांचा माल!

हा हिरा निघे कसा? सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर गेला होता. गडी माती खणत, बाया-पोरे ती वाहून नेत. मग ती धुवायची, उन्हात वाळवायची आणि टोपलीने उफणायची. तुम्ही खळ्यावर धान्य उफणता ना, अगदी तशीच! मागे खडे राहत, त्यांत हिरा शोधायचा. त्या मुलखातल्या खाणींवरच्या मजुराला वर्षाला तीन होन मिळत, असे त्याने लिहून ठेवले आहे. दागिना मात्र राजाच्या अंगावर.

आपला नाशिकचा हिराही त्याच मुलखातला मानतात. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता. 1818 साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी तो नेला. पुढे विलायतेतल्या एका उमरावाने तलवारीच्या मुठीत बसवला. पैलू पाडता पाडता नव्वद कॅरेटचा त्रेचाळीसवर आला. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. म्हणजे आज तो तोळाभरही नाही.

आंध्रात कर्नूल, अनंतपूरकडे अजूनही पहिला पाऊस पडला की माणसे वावरांतून खाली मान घालून खडे शोधत हिंडतात. एखाद्याला सापडतोही. भाव मात्र दलाल सांगेल तो.