सुरक्षितता कोणत्या काठावर?

युद्धछायाचित्रणाचा विषय वर्गात निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : माणसे मरणाच्या दारात उभी असताना छायाचित्रकाराने कॅमेरा खाली का ठेवला नाही? विचारणाऱ्याला हा प्रश्न मोठा नैतिक वाटतो. आम्हांला तो आळशी वाटतो. नोंद करणाऱ्याला हस्तक्षेप करता येत नाही, हा सुझन सोंटॅग यांच्या 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) मधला विचार आपल्याकडे सुभाषितासारखा फिरतो. तो एकदा उच्चारला, की छायाचित्र पाहण्याचे कष्ट वाचतात.

क्योइची सावादा यांचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९६५ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या बिन्ह दिन्ह प्रांतात त्यांनी काढलेल्या छायाचित्रात लेकरांना कवटाळून बायका खोल पाण्यातून नदी ओलांडत आहेत. 'सुरक्षिततेकडे पलायन' अशा अर्थाच्या नावाने ते जगभर गेले. आमचे भांडण या नावाशी आहे. गावात व्हिएतकाँगचा तळ असल्याचा संशय होता आणि बाँब टाकणार होती ती अमेरिकी विमाने. त्या बायका कॅमेऱ्याच्या दिशेने येत आहेत, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या अमेरिकी वृत्तसंस्थेचा नोकर आहे. म्हणजे ज्यांच्या विमानांपासून पळायचे, त्यांच्याच बाजूच्या काठावर जीव वाचवायचा! त्या चेहऱ्यांवर सुटकेचा भाव नाही, तो का नाही, याचे उत्तर चित्रातच आहे. छायाचित्रकाराच्या सदसद्विवेकाची झडती घेणाऱ्याला मात्र विमान दिसत नाही. आरोपी बदलला जातो, तो असा.

दुसऱ्या बाजूला सावादा यांना 'आशियाई नजर' म्हणून गौरवणारेही आहेत. त्यांचेही आम्हांला पटत नाही. १९३६ साली आओमोरी येथे जन्मलेल्या या माणसाने उमेदीच्या काळात मिसावा येथील अमेरिकी तळावरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात नोकरी केली. १९६१ पासून ते वृत्तसंस्थेच्या टोकियो कार्यालयात होते. तिने व्हिएतनामला पाठवले नाही, म्हणून १९६५ च्या आरंभी ते रजा काढून पदरच्या खर्चाने गेले. इकडे ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते आणि तेथील कादेना तळावरून १९६८ पासून बी-५२ विमाने व्हिएतनामवर जात होती. जपान या युद्धात प्रेक्षक नव्हता. सावादा यांची नजर आशियाई खरी, पण ती तळाच्या कुंपणाआत घडलेली आहे, आणि आमच्या मते तिचे मोल त्यातच आहे. यजमानाला जवळून ओळखणारा माणूस त्याच्याविषयी भाबडा राहत नाही.

याचा पुरावा १९६६ च्या छायाचित्रात आहे. अमेरिकी सैनिकांनी एका व्हिएतकाँग सैनिकाचे प्रेत चिलखती वाहनाच्या मागे दोराने बांधून फरपटत नेले आहे. येथे कॅमेरा खाली ठेवून कोणाचा जीव वाचणार होता? कॅमेरा वर राहिला म्हणून ती फरफट नाकारणे कोणाला शक्य झाले नाही. १९६५ आणि १९६६ अशा लागोपाठ दोन वर्षांचा 'वर्ल्ड प्रेस फोटो' पुरस्कार या दोन चित्रांना मिळाला. १९६६ चे पुलित्झरही सावादा यांनाच. अमेरिकी संस्थेने वितरित केलेली, अमेरिकेने गौरवलेली ही चित्रे अमेरिकी सैन्याविरुद्ध साक्ष देतात. या विसंगतीवर वर्गात तासभर बोलता येईल. पण आपण 'नजर' हा शब्द फळ्यावर लिहून मोकळे होतो.

नदीतल्या त्या कुटुंबांना सावादा यांनी पुढच्या वर्षी शोधून काढले आणि छायाचित्राची प्रत व बक्षिसाच्या रकमेतला काही वाटा दिला. हे आम्ही चारित्र्याचा दाखला म्हणून सांगत नाही. त्याने चित्राचा अर्थ बदलत नाही. पुढे हाँगकाँगमध्ये संपादनाचे सुरक्षित काम असतानाही ते स्वेच्छेने युद्धभूमीवर परतले. २८ ऑक्टोबर १९७० रोजी कंबोडियात, फ्नॉम पेन्हच्या दक्षिणेस, सहकारी फ्रँक फ्रॉश यांच्यासह ते मारले गेले. वय ३४. कॅमेरा खाली का ठेवला नाही, असे विचारणाऱ्यांनी निदान ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून, विमान कोणाचे आणि दोर कोणाच्या वाहनाला बांधलेला, एवढे तरी आधी विद्यार्थ्यांना विचारावे.