आधी नंबर प्लेट काढा!

सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीनंतर मराठीत काही लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांनी पोटात घालावं. हा लेख इंग्रजी विभागात सहज देता आला असता, पण ज्यांच्यासाठी लिहितोय ते सगळे रात्री मेस झाल्यावर कट्ट्यावर मराठीतच बोलतात. आणि त्या गप्पांचा शेवट हल्ली एकाच वाक्याने होतो, "चल, बायपासवर एक चक्कर टाकून येऊ."

माझं मत सरळ आहे. जुनी गाडी घरी खोलून ट्रॅकसाठी तयार करणं हे इंजिनिअरिंगचं सगळ्यात भारी प्रॅक्टिकल आहे. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. फक्त पाना हातात घेतल्यावर पहिला बोल्ट सोडवायचा तो नंबर प्लेटचा. गाडी ट्रॅकची झाली की त्या दिवसापासून ती रस्त्याची राहत नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. कसं शिकलो ते सांगतो.

आमचं घर हिंगोली जिल्ह्यात वसमतला. काकांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड आहे. शेडच्या मागे त्यांची १९९८ सालची मारुती ८०० उभी होती. पाटी एमएच २२, म्हणजे परभणीची, कारण हिंगोली जिल्हा झाला तोच मुळी १ मे १९९९ ला. पंधरा वर्षं झाल्यावर काकांनी तिचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी दोनदा वाढवून घेतलं. २०२३ साली मात्र कंटाळले. भंगारवाला अठरा हजार म्हणाला. मी म्हटलं, "काका, मला द्या." काका म्हणाले, "ने की. कोंबड्या तेवढ्या हाकल आतल्या."

सेमिस्टरच्या सुट्टीत मी आणि माझा चुलतभाऊ कामाला लागलो. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट, दारांची पॅनेल, डॅशबोर्डचा निम्मा भाग, सगळं बाहेर. मोंढ्याजवळच्या काट्यावर गाडी आधी ६४० किलो भरली होती, आता ५६०. माझं वजन ६०. म्हणजे ७०० किलोचे ६२० झाले. त्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला हात न लावता दर किलोमागची ताकद जवळजवळ १३ टक्क्यांनी वाढली! थर्मोडायनॅमिक्सच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये झाला नसेल एवढा आनंद मला त्या काट्याच्या पावतीने दिला.

आणि तिथेच माती खाल्ली. गाडी हलकी झाली, आवाज मोठा झाला, आता पळवून बघायलाच पाहिजे. रोल केज नव्हता, बेल्ट जुनाच, सीट दोन बोल्टवर. एका पहाटे औंढ्याच्या रस्त्याला गाडी काढली. रजिस्ट्रेशन संपलेलं, विमा नाही. "एकच चक्कर," असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तीन वेळा नव्वदपर्यंत नेली आणि तीन वेळा कचकन ब्रेक मारला. चौथ्या वेळी पेडल सरळ पत्र्याला टेकलं. समोर फाट्यावर कापूस वेचायला निघालेल्या बाया ॲपेत चढत होत्या.

मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी रस्त्याखाली उतरून कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसली आणि थांबली. कुणालाच लागलं नाही. एक मावशी धावत आल्या, मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "आरं, माय हाय का घरी?" त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही.

नंतर डोकं थंड झाल्यावर हिशेब केला. नव्वदचा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ७०० किलो धरले तर गतिज ऊर्जा होते सुमारे २ लाख १९ हजार जूल. साठच्या वेगाला तीच साधारण ९७ हजार. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोन पट. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवं कोरं डॉट ३ फ्लुइड किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या फ्लुइडला मानकाप्रमाणे ही मर्यादा १४० अंशांवर येते. आमचं फ्लुइड किती वर्षांचं होतं ते काकांनाही आठवत नव्हतं. फ्लुइड उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क आहेत, हे इथे मुद्दाम लिहितो. मार्क असून उपयोग झाला नाही.

काका ओरडले नाहीत. ज्यांचं रान होतं त्यांच्याकडे जाऊन हात जोडले आणि हरभऱ्याचे पैसे देऊन आले. संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढची-मागची पाटी काढली आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, "आता ही रस्त्याची गाडी न्हाई. कुठं पळवायची ते तुझं तू बघ." त्यांनी एवढंच सांगितलं. पण गाडी रस्त्यावर कुणाला लागली असती तर विमा नसल्यामुळे भरपाई त्यांच्या जमिनीतून गेली असती, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

आता कट्ट्यावरचे मित्र म्हणतील, "तुझे ब्रेक खराब होते. आम्ही नीट बनवू, मग रस्त्यावर काय हरकत?" माझं म्हणणं असं, की जेवढी नीट बनवाल तेवढी ती रस्त्याला जास्त धोक्याची होते. कसं ते बघा.

पहिला रोल केज. गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा हा लोखंडी सांगाडा. एफआयएच्या नियमात त्याच्या मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची नळी लागते, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची. शेडमध्ये पडलेला पाण्याचा जीआय पाइप वाकवून केलेला केज हा केज नव्हे, भाला आहे. पण समजा, केज नियमाप्रमाणे केला. ट्रॅकवर डोक्याला हेल्मेट असतं. रस्त्यावर हेल्मेट घालून कार कोण चालवतं? मग एखाद्या खड्ड्यात किंवा साध्या धडकेतसुद्धा डोक्यापासून चार बोटांवर असलेली तीच नळी डोकं फोडते.

दुसरे ब्रेक. शर्यतीचे पॅड तापल्यावर छान पकडतात, थंड असताना कमी. रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली तर पॅड तापायची वाट ती बघणार नाही. तिसरी गोष्ट मागच्या चाकांची. मागचं सामान काढलं की मागची चाकं हलकी होतात, ब्रेक मारताच आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. चौथं सस्पेन्शन. गुळगुळीत ट्रॅकसाठी कडक केलेली स्प्रिंग आपल्या रस्त्यावर चाक जमिनीवर टिकू देत नाही. चाक हवेत असताना ना ब्रेक, ना स्टिअरिंग.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रजिस्ट्रेशनमधला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा. बायपासवाल्यांनी हे आकडे पाठ करून ठेवावेत, व्हायवाला नाही तर चौकीत उपयोगी पडतील.

म्हणून गाडी बनवायचीच तर क्रम असा ठेवा. आधी पाटी काढा आणि आरटीओतले कागद रीतसर बंद करा. मग ब्रेक: नवं डॉट ४ फ्लुइड, नवे पॅड, नवे होज. मग बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि टायर. मग केज, बकेट सीट, हार्नेस, फायर एक्स्टिंग्विशर आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच. वजन कमी करणं त्यानंतर. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. आम्ही हा क्रम बरोब्बर उलटा केला होता.

काही सर म्हणतील, हे सगळं श्रीमंतांचं खूळ, पोरांनी अभ्यास करावा. सर, आदराने सांगतो, तसं नाही. १९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये चिखलातल्या ट्रायल स्पर्धांसाठी ती नव्याने बांधली. ती पहिली लोटस. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी ८०० चंच इंजिन वापरून एका सीटची रेसिंग कार बनवली, फॉर्म्युला मारुती. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला याच गाडीत धावला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, पण कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने आहे. म्हणजे आमच्या शेडमागे कोंबड्या ज्या इंजिनावर बसायच्या, ते इंजिन काही कमी नाही!

मग अडचण काय? जागा. एकेकाळी मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर व्हायच्या. आज कोल्हापूरला हुपरी रस्त्यावर कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण मोठ्या गाडीसाठी कोइम्बतूर, चेन्नईसारखं लांबचं ठिकाण गाठावं लागतं. वसमतहून कोइम्बतूर हजार किलोमीटरच्या पुढे. गाडी टेम्पोत घालून तिथे नेणं माझ्यासारख्याला परवडत नाही. बाजा आणि फॉर्म्युलाच्या स्पर्धांना कॉलेजच्या टीम जातात, पण त्यात निवडक पंचवीस-तीस जण. उरलेले बायपासवर जातात. त्यांना नुसतं "जाऊ नका" म्हणून भागत नाही. कुठे जायचं तेही सांगावं लागतं.

याचं उत्तर आमच्या भागाला जुनं माहीत आहे. शंकरपट! मोकळं रान, आखलेली धाव, जोडी सुटते आणि सेकंद मोजले जातात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नियम पाळावे लागतात, पण पट भरतो. बैलांसाठी नियम लिहिता येतात तर गाड्यांसाठी का नाही?

म्हणून प्राचार्यांना आणि रेक्टर सरांना माझी विनंती आहे. वर्कशॉपमागचं एक शेड भंगारातल्या जुन्या गाड्यांसाठी द्या. आणि वर्षातून एक दिवस मागचं मोठं मैदान द्या, रीतसर परवानगी काढून. कोन लावू, एका वेळी एकच गाडी सोडू, घड्याळ लावू. अँब्युलन्स आणि फायर एक्स्टिंग्विशर हजर. पन्नासच्या वर वेग जाणारच नाही अशी वळणं ठेवू. मेकॅनिकलच्या सरांनी ब्रेक आणि केज तपासल्याशिवाय गाडी सुटणार नाही. नापास झालेली गाडी ढकलत परत नेऊ, मुकाट्याने.

माझी ८०० अजून शेडमध्येच आहे. ब्रेक नवे झाले, केजच्या नळ्या आल्यात, काका स्वतः वेल्डिंग करणार आहेत. पाटी अजून त्याच खिळ्याला आहे. सुट्टीत घरी गेलो की आधी तिच्याकडे नजर जाते आणि ॲपेत चढणाऱ्या त्या बाया आठवतात.

तेव्हा आज रात्री कट्ट्यावरून कुणी म्हणालं, "चल, एक चक्कर टाकून येऊ," तर त्याला एवढंच विचारा, "पाटी काढलीस का?" काढली नसेल तर ती गाडी रस्त्याची आहे, रस्त्यासारखी चालव. काढली असेल तर थांब, मैदानासाठीच्या अर्जावर आधी सही कर. अर्ज माझ्या रूमवर आहे.