जायबंदी खेळाडू आणि आमच्या घराण्याचा नवा कायदा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोळ्यांचे काम झाले, मग लग्नसराई झाली, मग आळस झाला. पण आता लिहिणे भागच आहे, कारण आमच्या घराण्यात एक कायदा होऊ घातला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्या घराण्यातली सात घरे दरवर्षी आयपीएलच्या आधी कागदावरचा संघ विकत घेतात. नांदुऱ्याचे आमचे घर, अकोला, पुण्याची दोन, नाशिक, नागपूर आणि न्यू जर्सी. प्रत्येक घराला शंभर गुण, त्यात लिलाव करून अकरा खेळाडू घ्यायचे आणि पूर्ण हंगाम तेच चालवायचे. फक्त तीन बदल करता येतात. धावा, बळी, झेल यांचे गुण नातू मांडून ठेवतो. पैसा एक नाही. हरणाऱ्या घराने दिवाळीत सगळ्यांना फराळ पाठवायचा, एवढाच दंड.

पैसा नाही हे मुद्दाम सांगतो. पैसे लावून खेळायचे जे अ‍ॅप होते, त्या ड्रीम इलेव्हनच्या नादाला मी घरातल्या कुणाला लागू दिले नाही. मुंबईत २००८ साली निघालेली ती कंपनी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. मला वाईट वाटले नाही. शिवाय तिथे आजच्या प्रश्नाला जागाच नव्हती. रोजच्या सामन्याचा रोज संघ. नाणेफेकीनंतर कोण खेळतोय ते जाहीर झाले की दुखापतग्रस्त माणूस वगळून मोकळे. डोके चालवावे लागते ते पूर्ण हंगामाच्या खेळात.

तर आमच्या अकोल्याच्या पुतण्याने असा ठराव मांडला आहे : "लिलावाच्या दिवशी जो खेळाडू दुखापतग्रस्त असेल त्याचे नाव लिलावात येणार नाही." वर मला फोनवर म्हणतो, "काकाजी, मोडका माल कशाले घ्याचा?"

मोडका माल! इथेच माझे डोके फिरले.

ठरावाचा उगम कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. २०२५ च्या जानेवारीत सिडनीला बुमराची पाठ धरली. चॅम्पियन्स करंडक त्याला खेळता आला नाही. मार्चमध्ये आमचा लिलाव झाला तेव्हा तो कधी परतणार हे कुणालाच नक्की माहीत नव्हते. त्याचे नाव आल्यावर सहा घरे गप्प. आमच्या सूनबाईंनी सहा गुणांत त्याला उचलला. त्याच लिलावात धडधाकट नामवंत गोलंदाज अठरा-वीस गुणांना जात होते. म्हणजे बारा गुण हातात उरले आणि त्यात एक चांगला फलंदाज आला. मुंबईच्या पहिल्या चार सामन्यांत बुमरा नव्हता, तोवर पुतण्याने रोज टोमणे मारले. ७ एप्रिलला बंगळुरूविरुद्ध तो परतला आणि पुढच्या बारा सामन्यांत १८ बळी घेतले, षटकाला सातपेक्षाही कमी धावा देऊन. टोमणे बंद झाले आणि ठराव आला! त्या वर्षी फराळ अकोल्याहून आला होता, एवढे नमूद करून पुढे जातो. (चकल्या उत्तम होत्या.)

आता मुद्द्याचे बोलू. मी छत्तीस वर्षे निकालपत्रके भरली. त्यात एक साधा भेद असतो. मुलगा परीक्षेला बसला आणि गुण मिळाले नाहीत तर तो नापास. परीक्षेलाच नव्हता तर गैरहजर. कांजिण्या झाल्या म्हणून सहामाहीला न आलेल्या मुलाला मी कधी "नापास" लिहिले नाही आणि त्याचे नाव हजेरीपटावरून काढले तर अजिबातच नाही. पुतण्याचा ठराव नेमके हेच करतो. चार सामन्यांना गैरहजर राहणाऱ्याचे नाव वर्षभरासाठी कापतो.

त्याचे म्हणणे असे की धडधाकट खेळाडू घेतला की निश्चिंती. कसली निश्चिंती? फेब्रुवारी २०२२ मध्ये बंगळुरूच्या लिलावात चेन्नईने दीपक चहरला १४ कोटी दिले. तेव्हा तो ठणठणीत होता. महिना संपायच्या आत त्याचा मांडीचा स्नायू दुखावला, मग पाठ गेली आणि त्या हंगामात त्याने एकही चेंडू टाकला नाही. २०२३ मध्ये गुजरातचा केन विल्यमसन पहिल्याच सामन्यात सीमेवर झेल अडवताना गुडघ्यावर पडला आणि थेट घरी गेला. धडधाकट हा खेळाडूचा गुण नव्हे, त्या दिवसाची हवा आहे. आमच्या शेजारच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे भाकीत सांगतात. कुणाचा गुडघा कधी जाईल हे त्या घटातही दिसत नाही!

उलट बाजूही बघा. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. पूर्ण २०२३ तो मैदानाबाहेर. २०२४ ला परतला तेव्हा "हा आता काय खेळणार" म्हणणारे आमच्याच घरात चार जण होते. त्याने १३ सामन्यांत ४४६ धावा केल्या. पुढच्या लिलावात २७ कोटी, म्हणजे तोवरची सर्वांत मोठी बोली, आणि २०२५ च्या हंगामात तब्येत ठीक असूनही धावा किती? २६९! ज्याने निश्चिंतीसाठी त्याला त्या वर्षी महागात घेतला त्याने काय मिळवले?

आणि ज्याला वैद्यकीय परवानगी मिळाली तो तरी पूर्वीचाच असतो का? शमीने २०२३ च्या विश्वचषकात २४ बळी घेतले, घोट्याची शस्त्रक्रिया झाली, २०२४ चा आयपीएल बुडाला. नंतर रणजी खेळून परतला, म्हणजे पुतण्याच्या कायद्याने धडधाकटच. हैदराबादने १० कोटी दिले. २०२५ मध्ये ९ सामन्यांत ६ बळी. तेव्हा "लिलावाच्या दिवशी जायबंदी" ही कसोटीच भोंगळ आहे. ती धोका ओळखत नाही, नुसती चिठ्ठी बघते.

गणित मांडून दाखवतो, म्हणजे कुणी भावनेचा प्रश्न म्हणायला नको. समजा एक मध्यम पण तंदुरुस्त गोलंदाज सामन्याला ३० गुण देतो. चौदा साखळी सामन्यांचे झाले ४२०. एक अव्वल गोलंदाज ५० देतो पण सुरुवातीचे चार सामने नाही. दहा सामन्यांचे ५००. पाच सामने चुकले तरी ४५०. सहा चुकले की ४०० आणि मग मात्र सौदा तोट्याचा. म्हणजे तो दुखावला आहे का, हे विचारून भागत नाही. किती सामने चुकतील आणि भाव काय पडतो, हे दोन आकडे लागतात. पुतण्या बँकेत आहे, त्याला हे मी शिकवावे का?

याचा अर्थ मी कुणालाही घ्या म्हणतो असा नाही. मुंबई इंडियन्सने २०२२ मध्ये जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतले. त्या वर्षी तो खेळणार नाही हे लिलावाआधीच जाहीर होते. मुंबई त्या वर्षी दहापैकी दहावी आली. २०२३ ला आर्चर आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि पुन्हा दुखावून मायदेशी गेला. हा सौदा फसला. पण तो जायबंदी माणूस घेतल्यामुळे फसला असे मला वाटत नाही. जायबंदी माणसाला धडधाकटाचा भाव दिला म्हणून फसला. आणि दुखापत कसली होती ते पाहा : वेगवान गोलंदाजाचे कोपर आणि पाठ.

बैलबाजारात गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. माझे वडील बैल घ्यायचे तेव्हा लंगडणारा बैल दिसला की आधी खूर उचलून बघायचे. काटा रुतला असेल तर गडी खूश, कारण भाव पडलेला असतो आणि बैल आठ दिवसांत औताला चालतो. खांदा उतरला असेल तर मात्र फुकट दिला तरी नको. फलंदाजाचे बोट मोडले हा काटा. वेगवान गोलंदाजाच्या मणक्याला चीर गेली हा खांदा. लखनौच्या मयंक यादवने २०२४ मध्ये चार सामन्यांत ताशी १५६ किलोमीटरने चेंडू टाकून सगळ्यांना वेड लावले, ११ कोटींना त्याला राखले आणि २०२५ मध्ये दोन सामने खेळून तो पुन्हा पाठ धरून बसला. तो मी सहा गुणांतही घेतला नसता. हे तारतम्य वापरायचे की सरसकट दार लावून घ्यायचे?

या खेळाचे मूळ अमेरिकेतले. डॅनिएल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० साली बेसबॉलवर तो सुरू केला. तिथल्या बेसबॉल संघटनेत दुखापतग्रस्तांची वेगळी यादीच असते. फलंदाज दहा दिवस, गोलंदाज पंधरा दिवस, मोठे दुखणे असेल तर साठ दिवस. कागदी संघांनाही बहुधा तशीच एखादी जादा जागा देतात. खेळाडू त्या जागेत ठेवा, तोवर दुसरा खेळवा. न्यू जर्सीच्या भाच्याने हे दोन वर्षांपूर्वी सुचवले होते तर आपण "अमेरिकेचे लाड" म्हणून उडवून लावले. शोहेई ओहतानीचे उदाहरण त्यानेच सांगितले. कोपराची शस्त्रक्रिया झालेली, पुढचे वर्ष गोलंदाजी करणार नाही हे ठाऊक, तरी डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने त्याच्याशी सत्तर कोटी डॉलरचा करार केला. २०२४ मध्ये त्याने नुसत्या फलंदाजीवर ५४ होमरन मारले.

आपल्याकडेही वारे फिरले आहे. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला पंत मोडलेल्या पायाने फलंदाजीला उतरला, ५४ धावा केल्या. टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. त्यानंतर बदली खेळाडू द्यावा का यावर वाद झाला. बेन स्टोक्सने ती कल्पना हास्यास्पद ठरवली. पण ऑगस्टमध्ये तोच स्टोक्सचा ख्रिस वोक्स निखळलेला खांदा स्वेटरमध्ये बांधून ओव्हलवर उतरला. भारतीय मंडळाने २०२५-२६ पासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीला बदलीची मुभा दिली. योग्यच केले.

मला खटकते ते हे. २००२ मध्ये अँटिग्वाला कुंबळेने मोडलेला जबडा बांधून चौदा षटके टाकली आणि लाराला बाद केले, ते आठवून अजून आपला ऊर भरून येतो. पण जो मुलगा डॉक्टरचे ऐकून सहा आठवडे घरी बसतो त्याला आपल्याच ग्रुपवर "नाटकी" म्हणतात, "मोडका माल" म्हणतात. २०२५ च्या मार्चमधले संदेश मी जपून ठेवले आहेत. नावे लिहीत नाही. खेळ कागदी आहे, पाठ कागदी नाही.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. ठराव मागे घ्यावा. प्रत्येक घराला अकराशिवाय बारावी एक जागा द्यावी, तिला "दवाखाना" म्हणू. त्यात एका वेळी एकच जायबंदी खेळाडू आणि तो परतेपर्यंत त्याच्या जागी न विकला गेलेला कुणीही. हे तीन बदलांत धरू नये. परतला की तीन दिवसांत त्याला अकरात घ्यावे लागेल, उगाच लपवून ठेवता येणार नाही. लिलावाची बोली मात्र खुली. ज्याला भीती वाटते त्याने बोलू नये.

मतदान येत्या रविवारी रात्री नऊला आहे. न्यू जर्सीकरांनी घड्याळ बघावे, तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि मागच्या वेळी तुमचे मत हुकले होते. नाशिकच्या वहिनींनी अजून कुणाला शब्द दिलेला नाही असे कळते, त्यांना मी उद्या फोन करणार आहे. बाकी ब्लॉगर मित्रांना मत नाही, पण तुमच्या घरी हा खेळ कोणत्या नियमांनी खेळतात ते खाली जरूर लिहा. पुतण्या वाचतो सगळे.